पावसाची बोली आणि हवामानाचे वृत्त

काटेवाडी हे बारामती-इंदापूर मार्गावरील गाव. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथे येते, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या सुमारास या भागात दोन शेतकरी भेटले, की पहिला प्रश्न असतो : "तुमच्याकडं काय म्हणतोय?" कोण, हे सांगावे लागत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात पावसाची चौकशी ही पेरणीच्या निर्णयाची पूर्वतयारीच असते.

या बोलीतील शब्द नेमके आहेत. अंग भिजते न भिजते ती भुरभुर. येते आणि जाते ती सर. दिवसचे दिवस लागून राहते ती झड. मृगाआधी विजांसह कोसळतो तो वळीव. पाऊस थांबून ऊन पडले की उघडीप, आणि जमिनीत औत चालेल इतकीच ओल उरली की वाफसा. सूर्य पुनर्वसू नक्षत्रात असताना पडणारा पाऊस 'तरणा', पुष्यातील 'म्हातारा', तर हस्ताचा 'हत्ती'. फ्रेंच बोलीत जोराचा पाऊस आला की 'दोऱ्या पडताहेत' असे म्हणतात. आपण मुसळ आठवतो. घरातील वस्तूंवरूनच लोक आभाळाचे वर्णन करतात.

दुसरी भाषा शास्त्राची. भारतीय हवामान खात्याने पुण्यात 1932 मध्ये कृषी हवामान विभाग सुरू केला; 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. या वृत्तातील शब्दांनाही ठराविक मापे आहेत. चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे 'हलका', 15.6 ते 64.4 मिलिमीटर म्हणजे 'मध्यम'.

खरी अडचण 'तुरळक' या शब्दाची आहे. बोलीत तुरळक म्हणजे थोडासा. वृत्तात मात्र 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ विभागातील पंचवीस टक्के अथवा त्याहून कमी केंद्रांवर, असा होतो. तो शब्द पावसाचा विस्तार सांगतो, प्रमाण नव्हे. म्हणूनच 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' या वाक्यात विसंगती नाही. पाऊस आपल्या शिवारात येईलच असे नाही. आला तर मात्र जोराचा येईल, एवढाच त्याचा अर्थ.

हा भेद न कळल्यास नुकसान शेतकऱ्याचे होते. एका सरीवर विसंबून पेरणी केली आणि नंतर दीर्घ उघडीप पडली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीची पाळी येते. साधारणपणे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो.

येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. चावडीवरील फळ्यावर रोजचे वृत्त लिहावे आणि त्याखाली गावच्या बोलीत त्याचा अर्थ द्यावा. शाळेत साधे पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांकडून दररोज ठरावीक वेळी नोंद करून घ्यावी. आज झाली ती भुरभुर किती मिलिमीटरची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. बोली आणि माप यांची अशी सांगड बसली, की आकाशवाणीवरील वृत्त शेताच्या बांधापर्यंत पोहोचेल.