काकाच्या काळ्या पेटीसाठी कानमंत्र

बाबू, तुझा काका फौजेतून आला, चित्रं काढायला लागला आणि आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून मोर्च्यात चालायला लागला. आता त्याची पेटी लावायचं काम तू अंगावर घेतलंस. तू पडलास उत्साही, आधी फेविकॉलच शोधशील. म्हणून हे वाच.

1. पेटी उघडताना काकाला शेजारी बसव आणि मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड कर — फोटोतली माणसं कोण ते त्यालाच ठाऊक, आणि सध्या तो सांगायच्या लहरीत आहे.

2. फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, कडेला — बॉलपेनचा दाब पुढं चेहऱ्यावर उमटतो.

3. सेलोटेप, टाचण्या, रबरबँड, लॅमिनेशन यांना उंबरा ओलांडू देऊ नको. गठ्ठ्याला सुती नाडी बांध.

4. कुलरच्या खोलीत पेटी ठेवू नको — मे महिन्यात आपल्याला जिनं गार वाटतं त्याच ओलीनं कागदाला बुरशी येते. कुलर माणसाला मानवतो, कागदाला बाधतो.

5. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब — भिंतीतून वाळवी येते, आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी कुणाला विचारून घरात शिरलं नाही.

6. मोर्च्याचा झेंडा खराब झाला तरी फेकू नको. इंद्रधनुषी झेंडा ज्यानं घडवला तो गिल्बर्ट बेकरही कलावंत आणि माजी सैनिकच. 1970 ते 72 अमेरिकी सैन्यात होता. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत फडकलेल्या पहिल्या झेंड्यांना पुढं ओल लागली, बुरशी चढली. त्यातला एक तुकडा त्यानं जपला. 2017 मध्ये बेकर गेल्यावर तो तुकडा सामानातून त्याच्या बहिणीकडे गेला आणि 2021 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्याच संग्रहालयात आहे — बहिणीनं तो पोतेरं समजून टाकला असता तर? (बहिणी एवढ्या वेंधळ्या नसतात, हे ध्यानात ठेव.)

7. चंद्याच्या पावत्या, पोलीस परवानगीचे अर्ज, चुरगळलेली पत्रकं, सगळं राहू दे — रद्दीवाला वजन बघतो, वय नाही.

8. फौजेचे कागद वेगळ्या फाईलीत: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ. युनिटचा नकाशा किंवा आदेश सापडला तर आधी काकाला दाखव, ग्रुपवर टाकू नको — 1923 चा गोपनीयतेचा कायदा निवृत्त माणसालाही सोडत नाही.

9. अजून वर्दीत असलेल्या मित्रांची पत्रं आणि फोटो बंद पाकिटात, वर ‘अमुक सालानंतर उघडावे’. सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना कलम 377 मधून मोकळं केलं खरं. पण 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचं ‘अनैसर्गिक’ वर्तनाला शिक्षा देणारं कलम 46 जागेवरच आहे. मेजर जे. सुरेश यांनी नोकरी सोडल्यावरच, 2020 मध्ये, स्वतःबद्दल उघड लिहिलं. त्यांच्यावरून सुचलेल्या, सिनेदिग्दर्शक ओनीरच्या पटकथेला 2022 मध्ये संरक्षण मंत्रालयानं परवानगी नाकारली — काका निर्भय आहे म्हणून त्याच्या दोस्तांचं धाडस तू परस्पर खर्चू नको.

10. आलेलं पत्र काकाचं, पण त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा — छापायचं तर त्याला विचार, कॉपीराइट त्याचाच.

11. काकाकडून मृत्युपत्र लिहून घे; साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. हे लाजत टाळू नको — सुप्रीम कोर्टाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता मिळाली नाही, त्यामुळे काकाचा जोडीदार कायद्यानं वारस ठरत नाही. चित्रं त्याला, पेटी कुणाला, सगळं नावानिशी येऊ दे.

12. फोटो 600 डीपीआयवर स्कॅन कर. एक प्रत घरी, एक पुण्याच्या ताईकडे — व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो वाटेतच झडतो.

13. पुढं कुठं द्यायचं झालंच तर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ‘क्यामरा’ हा समलिंगी चळवळीच्या कागदपत्रांचाच संग्रह आहे. आधी यादी पाठव, मग सामान. निळी स्केचबुक मात्र यादीत घालू नको. त्यात माझं चित्र आहे आणि तुझ्या काकानं नाक सपशेल चुकवलंय.