'नवजीवन' उलटं वाचून पाहा

पॅलिन्ड्रोमचा प्रोग्राम आपण सगळ्यांनीच लॅबमध्ये केलाय. शब्द उलटा करायचा, मूळ शब्दाशी जुळतो का पाहायचं, जर्नलवर सही घ्यायची. आता तोच प्रोग्राम ॲन्ड्रॉइडच्या कोट्लिनमध्ये लिहा आणि त्याला 'नवजीवन' द्या. न-व-जी-व-न, सरळ-उलट सारखंच. पण कोट्लिनचं 'रिव्हर्स्ड' उत्तर देतं 'नवीजवन'!

कारण सोपं आहे. युनिकोडमध्ये 'जी' म्हणजे दोन कोड: ज आणि त्यामागे वेलांटी. उलटताना वेलांटी ज च्या आधी येते आणि शेजारच्या व ला चिकटते. कोट्लिन अक्षरं मोजत नाही, १६ बिटांचे तुकडे मोजतं. म्हणून 'मराठी'ची 'लेंग्थ' ५ येते. आयफोनच्या स्विफ्टमध्ये 'काउंट' ३ येतो, आपण बोटांवर मोजू तेवढाच, आणि 'नवजीवन'ही पास होतो. (यूटीएफ-८ मध्ये याच शब्दाला १५ बाइट लागतात.)

स्विफ्ट याची किंमत मात्र वसूल करतं. तिसरं अक्षर हवं म्हणून कंसात थेट २ लिहून चालत नाही. अक्षरांची लांबी कमी-जास्त, त्यामुळे सुरुवातीपासून चालत जावं लागतं. लूपमध्ये दरवेळी असं चाललात तर मोठ्या मजकुरावर ॲप रखडलंच समजा.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्या मजल्यावरच्या ज्युनिअर्सचं मेसचं ॲप बघा. नाव ७ वर कापायचं ठरलं आणि 'अनिरुद्ध'चा झाला 'अनिरुद्'. बिचारा रोज जेवणाच्या रांगेत ऐकून घेतो.

शोधण्यात तर आणखी गंमत. 'कऱ्हाड'मधला ऱ एकाच कोडचा असू शकतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन कोडांचा. दिसायला एकच. स्विफ्ट दोन्ही समान मानतं, कोट्लिन मानत नाही. तिथे आधी 'नॉर्मलायझर'मधून काढावं लागतं. अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप केलेला 'कऱ्हाड' मात्र स्विफ्टलाही परकाच.

कोट्लिनमध्ये अक्षराच्या हद्दीवर कापायला 'ब्रेक-इटरेटर' वापरा. फक्त जोडाक्षरं जपून: ती अखंड ठेवायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, जुन्या फोनवर 'द्ध' अजून तुटतो. तेव्हा टेस्टिंगसाठी हॉस्टेलमधला सर्वात जुना हँडसेट मागून आणा.