रसायनशास्त्राचा विश्वविद्यालयीन अभ्यास



शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे देगलुरांतील पालक शाळेंत येऊन एक प्रश्न हटकून विचारतात : "मास्तर, मुलगी पुढें केमिस्ट्री घेतें म्हणते, तिला तें झेपेल काय?" प्रश्न योग्यच आहे. त्यांत घरचा पैसा व मुलांच्या उमेदीचीं वर्षें गुंतलेलीं असतात. म्हणून या अभ्यासाचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगतों.

आम्ल व आम्लारि यांच्या संयोगानें क्षार आणि पाणी तयार होतें, हें आपण शाळेंत शिकतों. विश्वविद्यालयांत एवढ्यानें भागत नाहीं. तेथें पहिला प्रश्न "किती?" हा असतो. ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा व ३६·५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड यांचा पूर्ण संयोग झाला, तर ५८·५ ग्रॅम मीठ व १८ ग्रॅम पाणी मिळतें. दोन्हीं बाजूंची बेरीज करून पाहा; ती ७६·५ च येईल. दुसरा प्रश्न "कां?" हा. या संयोगांत भांडें ऊन कां होतें? तिसरा प्रश्न "किती वेगानें?" हा. लोखंड गंजून जाण्यास महिने लागतात, आणि हा संयोग मात्र क्षणांत घडतो, तो कशामुळें? असल्या प्रश्नांचा विचार भौतिक रसायनांत होतो. कर्बाच्या असंख्य संयुगांचा विचार कार्बनी रसायनांत, व इतर मूलद्रव्यांचा अकार्बनी रसायनांत करतात. तेव्हां ज्याचें गणित कच्चें आहे, त्यानें तें आजच पक्कें करावें. केवळ घोकंपट्टीनें येथें निभाव लागत नाहीं.

याहून कठीण गोष्ट प्रयोगशाळेंत शिकावी लागते. ती मी कशी शिकलों, तें सांगतों. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं ब्यूरेटनें आम्ल मोजण्याचा प्रयोग होता. मला १८·४ मिलिलिटर हें माप मिळालें. शेजारच्या हुशार सोबत्याचें माप २०·० होतें. मीं आपला आंकडा खोडून त्याचा लिहिला. प्राध्यापकांनीं वही पाहिली आणि शांतपणें विचारलें, "तुमच्या बाटलीचा क्रमांक पाहिलात काय? प्रत्येकाला निराळा द्राव दिलेला आहे." माझ्या द्रावाचें खरें उत्तर १८·४ हेंच होतें! हाताशीं आलेलें सत्य मीं स्वतःच खोडून टाकलें होतें. त्या दिवशींची शरम आज वीस वर्षांनंतरहि मी विसरलों नाहीं. माप चुकल्यास प्रयोग पुन्हा करतां येतो. परंतु खोटा आंकडा लिहिण्याची संवय जडली, तर सारें शास्त्रच व्यर्थ होतें.

कित्येकांना इंग्रजीची धास्ती वाटते. त्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांची स्थिति आठवावी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विश्वविद्यालय निघालें. तेथें शास्त्रीय विषयहि उर्दूंतून शिकवीत. घरीं मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र परक्या भाषेंतूनच आत्मसात करावें लागे. पुढें १९५८ सालीं औरंगाबादेस, आणि १९९४ सालीं आपल्या नांदेडास विश्वविद्यालय झालें. वाट आतां पुष्कळ जवळ आली आहे. विषय आधीं मराठींत नीट समजून घ्यावा. मग इंग्रजी परिभाषा आपोआप अंगवळणीं पडते.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कमला भागवत, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेल्या कमलाबाई सोहोनी, १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत संशोधनासाठीं गेल्या. केवळ स्त्री म्हणून संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर पहिलें वर्ष परीक्षेचें समजावें, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचें काम पाहून रामन यांचेंहि मत पालटलें, व इतर मुलींना तें द्वार खुलें झालें. १९३९ सालीं कमलाबाईंनीं केंब्रिज येथें डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्यावेळीं बंद असलेला दरवाजा आज आपल्या मुलींसाठीं उघडा आहे. तो घरांतून लोटला जाऊं नये, एवढीच विनंति.

शेवटीं, विद्यार्थ्यांनो, एक छोटा प्रयोग घरीं करून पाहा. पांढऱ्या कागदावर ओली हळद लावून तो वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. डाग तांबडा होईल. मग त्यावर लिंबाचा रस टाका. तो पुन्हा पिवळा होईल. असें कां झालें, तें आधीं स्वतःच्या मनाला विचारा, आणि जें दिसलें तेंच वहींत लिहा. एवढें ज्याला साधलें, त्याच्या उच्च अभ्यासाला आरंभ झाला, असें खुशाल समजावें.