*जमिनीच्या नकाशावरचे शब्द : सातबाऱ्यावर जे दिसत नाही ते*



जमीन कोणाची, किती आणि पीक कोणतं, हे सातबारा सांगतो. पण त्या जमिनीवर पुढे काय करता येईल, हे ठरतं नगररचना खात्याच्या नकाशावर. तिथले शब्द ठाऊक नसले की दोन प्रकारे फटका बसतो. एजंट "ग्रीन झोन आहे, भाव येणार नाही" म्हणत जमीन स्वस्तात मागतो. नाहीतर हरकतीची मुदत संपल्यावर कळतं, की आपल्या विहिरीवरून रस्ता आखलाय. म्हणून हा धडा सेव्ह करून ठेवा.

*1) प्रादेशिक योजना आणि विकास योजना (डीपी)*
दोन्ही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली होतात. प्रादेशिक योजना मोठ्या भागाची, त्यात खेडी येतात. डीपी शहराची. गाव नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत गेलं, की तुमचं शेतही डीपीत येतं.

*2) झोन (विभाग)*
निवासी, औद्योगिक, शेती किंवा हरित विभाग वगैरे. शेती विभाग म्हणजे "काहीच करता येत नाही" असं नाही. गोदाम, शीतगृह, शेतमाल प्रक्रिया यांना रस्त्याची रुंदी आणि इतर अटी पाळून परवानगी मिळू शकते. व्यवहाराआधी *झोन दाखला* काढाच. सातबारा आणि गट नकाशा जोडून नगररचना कार्यालयात किंवा नगरपरिषदेत अर्ज करायचा.

*3) बिनशेती (एन.ए.)*
झोन वेगळा, एन.ए. वेगळं.  एन.ए.चे सध्याचे नियम महसूल खात्याकडे तपासून घ्या.

*4) आरक्षण*
रस्ता, शाळा, बाग अशा कामासाठी नकाशावर राखून ठेवलेली जागा. आरक्षण पडलं म्हणजे जमीन सरकारची झाली, असं नाही. भूसंपादन होईपर्यंत मालक तुम्हीच. मात्र त्या कामाच्या आड येईल असं बांधकाम करता येत नाही.
अंतिम योजना लागू होऊन 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम 127 खाली मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द होतं. नोटीस वकिलाकडूनच करून घ्या.

*5) निळी आणि लाल पूररेषा*
निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे *निषिद्ध क्षेत्र*. निळी ते लाल हे *नियंत्रित क्षेत्र*, तिथे अटींवर बांधकाम. नदीकाठी गोठा, शेड किंवा घर बांधायचं असेल तर आधी रेषा कुठून जाते ते पाहा.

*6) हरकत : सगळ्यात महत्त्वाचा शब्द*
प्रारूप (म्हणजे कच्ची) डीपी प्रसिद्ध झाली, की कलम 26 खाली हरकती व सूचनांसाठी *30 दिवस* मिळतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, घरपोच येईलच असं नाही. मुदतीत हरकत दिली तर नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. मुदत गेली की हा हक्काचा मार्ग बंद.

✍️ *हरकतीत काय लिहाल?*
▪️ गाव, गट नंबर, क्षेत्र
▪️ नकाशावर नेमकं काय दाखवलंय
▪️ त्यामुळे काय जाईल : विहीर, पाइपलाइन, बाग, घर
▪️ पर्याय : जवळची सरकारी जागा, जुना रस्ता
▪️ सातबारा, गट नकाशा, फोटो जोडा
▪️ *शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका*

"आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. पर्याय दाखवलेली टिकण्याची शक्यता जास्त. शेजारच्या गटांवरही तोच रस्ता जात असेल तर हरकती प्रत्येकाने आपापल्या द्या, पण मुद्दे एकत्र बसून ठरवा.

📌 *या आठवड्याचं काम :* आपलं गाव कोणत्या योजनेत येतं आणि आपला गट कोणत्या झोनमध्ये आहे, एवढं माहीत करून घ्या. अडचण असेल तर गट नंबर घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. सातबारा ग्रुपवर टाकू नका.

घरात जमिनीचे व्यवहार जे बघतात, त्यांना हा मेसेज नक्की वाचून दाखवा.