कुलूप लागलं, हे कळायला हवं

पासवर्ड मॅनेजर निवडताना डोळस माणूस किंमत बघतो, सुरक्षितता बघतो, मोबाइलवर चालतो का ते बघतो. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याने त्याआधी एक वेगळीच गोष्ट तपासावी, असं माझं ठाम मत आहे: आपण काय केलं हे तो सांगतो का? तिजोरी उघडली, पासवर्ड भरला, भरता आला नाही, कॉपी झाला, पुन्हा कुलूप लागलं, अशा प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर काहीतरी बदलतं. कोपऱ्यात क्षणभर एक पट्टी येते, चिन्हाचा रंग पालटतो. ती पट्टी स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचेल अशी लिहिलेली नसेल, तर एनव्हीडीए किंवा टॉकबॅक गप्प राहतो. मग काम झालं म्हणून शांतता आहे की फसलं म्हणून, हे ओळखायला आपल्याकडे काही उरत नाही.

ही केवळ गैरसोय आहे असं मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. पासवर्ड मॅनेजरचा खरा उपयोग पासवर्ड लक्षात ठेवण्यापुरता नाही. पान उघडलं की तो वेबसाइटचा पत्ता साठवलेल्या पत्त्याशी ताडून बघतो आणि जुळला तरच पासवर्ड पुढे करतो. बँकेच्या नावाची हुबेहूब नक्कल असलेलं पान, पत्त्यात एकच अक्षर जास्त, किंवा इंग्रजी अक्षराच्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर, असल्या फसवणुकीला तो बधत नाही. आपल्याला ही मदत डोळसांपेक्षा जास्त लागते, कारण आवाज पत्ता सलग शब्दासारखा वाचून टाकतो आणि त्यातलं जास्तीचं अक्षर कानाआड होतं. पण मॅनेजरचं ‘न भरणं’ इशारा म्हणून कधी कळेल? एरवी तो नीट भरतो आणि भरल्याचं सांगतो, तेव्हाच. मुक्या मॅनेजरची सवय लागलेला माणूस रिकाम्या रकान्यामुळे सावध होत नाही. तो तिजोरी उघडतो, पासवर्ड कॉपी करतो आणि पेस्ट करून मोकळा होतो. पेस्ट करताना पत्ता कोणीच ताडत नाही. सुलभतेतली उणीव सुरक्षेतलं भगदाड बनते ती नेमकी इथे.

म्हणून सगळे पासवर्ड हलवण्याआधी एखादं बिनमहत्त्वाचं खातं घेऊन बघावं. रकान्याच्या टोकाला मॅनेजरने लावलेलं छोटं चिन्ह टॅबने सापडेलच असं नाही. त्यामुळे कीबोर्डचा शॉर्टकट आहे का ते आधी शोधावं. बिटवॉर्डनच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये तो कंट्रोल-शिफ्ट-एल आहे. शॉर्टकट दाबल्यावर रकान्यात जाऊन बाण फिरवावा: काही भरलं असेल तर ताऱ्याचा किंवा ठिपक्याचा उच्चार ऐकू येतो, नसेल तर रकाना रिकामा असल्याचं कळतं. मॅनेजर बोलत नसला तरी ही पडताळणी आपल्या हातात आहे, आणि ती बोटांना लावून घ्यावी. कीपास वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचा ऑटो-टाइप मुळात खिडकीच्या शीर्षकावरून नोंद ओळखतो, पत्त्यावरून नव्हे. नकली पानाने शीर्षक तेच ठेवलं तर तो फसू शकतो. शिवाय कॉपी केलेला पासवर्ड तो मूळ सेटिंगप्रमाणे १२ सेकंदांत पुसतो. खिडकी बदलून, रकाना शोधून, फोकस मोडमध्ये जाईपर्यंत तेवढा वेळ सहज उलटतो आणि पेस्ट रिकामी पडते. ही मुदत वाढवता येते. ती थोडी वाढवावी.

पासवर्ड तयार करण्याच्या सोयीही डोळ्यांचा विचार करून बेतलेल्या आहेत. ‘गोंधळाची अक्षरं टाळा’ हा पर्याय शून्य आणि ओ, एक आणि एल यांना वगळतो. कानाला ही अक्षरं अगदी वेगळी आहेत. कानाचा घोटाळा होतो तो बी, डी, पी, टी किंवा एम आणि एन यांत. मॅनेजर स्वतः भरतो तिथे काही फरक पडत नाही, पण तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड आपल्यालाच टाइप करायचा असतो. त्यासाठी डाइसवेअरची रीत मला सर्वांत योग्य वाटते: फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडायचे. शब्द पाठ होतात, बोटांत बसतात, आणि निवड फाशांची असल्याने अंदाज बांधणं दुष्कर होतं. ते ब्रेलमध्ये कागदावर उतरवून घरात सुरक्षित जागी ठेवायलाही माझी हरकत नाही. ‘पासवर्ड दाखवा’ हे बटण दाबण्याआधी मात्र हेडफोन लावावा आणि स्क्रीन कर्टन चालू करून पडदा काळा करावा. एनव्हीडीए आणि व्हॉइसओव्हर दोन्हींत ही सोय आहे.

सगळं एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं नाही का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते. अशा वेळी वाचवतो तो भक्कम मास्टर पासवर्डच. आणि तुलना करायची ती आज प्रत्यक्षात चालतं त्याच्याशी: सगळीकडे एकच पासवर्ड, मोबाइलच्या नोट्समध्ये उघडी यादी, किंवा भाच्याला, शेजाऱ्याला, सायबर कॅफेतल्या मुलाला सांगितलेला बँकेचा पासवर्ड. घरच्यांवर विश्वास असणं चांगलंच आहे. पण स्वतःचं खातं उघडायला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागणं हे चांगलं नाही. ब्राउझरमधला किंवा फोनमधला मॅनेजर नीट बोलत असेल तर तोही पुरतो, फक्त घरात एकच लॅपटॉप असेल तर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. पासवर्डऐवजी वापरायच्या पासकीने नकली पानांचा प्रश्न पुढे बराच सुटेल, कारण ती पत्त्याला बांधलेलीच असते. पण सगळ्या वेबसाइटांवर ती येईपर्यंत पासवर्ड सांभाळावेच लागणार.

उरतात त्या वेबसाइट, ज्या सुरक्षेच्या नावाखाली पेस्ट करूच देत नाहीत किंवा माउसने टिपायचा आभासी कीबोर्ड पुढे करतात. तिथे आपण गप्प बसू नये. ५ ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभता मानकात ३.३.८ हा निकष आहे: लॉगिनसाठी आठवणीची परीक्षा घेत असाल तर मदतीचा मार्गही खुला ठेवा, म्हणजे पासवर्ड मॅनेजर आणि पेस्ट अडवू नका. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. तक्रारीत या दोन्हींचा उल्लेख करावा. त्यासोबत स्क्रीन रीडर आणि ब्राउझर यांची नावं व आवृत्त्या, कोणत्या पानावर कोणती कळ दाबली, काय ऐकू यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय ऐकू आलं, हे क्रमाने लिहावं. मॅनेजर बनवणाऱ्यांनाही याच पद्धतीने कळवावं. मुका राहणारा संदेश बोलता करणं अनेकदा त्यांच्यासाठी थोडक्या बदलाचं काम असतं, फक्त तो कुठे मुका आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.