झाडाच्या हाती लेखणी

वनस्पतिशास्त्र म्हटलं की आठवते ती बारावीची जर्नल आणि पेन्सिलीने काढलेल्या पेशींच्या आकृत्या. इंजिनिअरिंगला आलो आणि सुटलो, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. पण मित्रांनो, झाडाचं विज्ञान चारचौघांना कसं सांगावं याचा उत्तम धडा फिजिक्सच्या एका प्रोफेसरांनी घालून दिला आहे, तोही यंत्र बनवून. ते म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस (१८५८-१९३७).

पहिला धडा : आधी दाखवा, मग सांगा. झाड वाढतं हे सगळ्यांना माहीत, पण वाढताना ते कुणालाच दिसत नाही. दिवसाला १ सेंमी वाढणारं रोप घ्या. भागाकार केला तर सेकंदाला साधारण ०.०००११६ मिमी. डोळ्यांना हे शून्यच! बोसांच्या क्रेस्कोग्राफमधली तरफांची जोडी ही हालचाल १०,००० पट मोठी करते. म्हणजे आपलं रोप आता सेकंदाला १.१६ मिमी पळू लागलं. तरफेचं टोक काजळी धरलेल्या काचेवर खूण करतं. ते सतत घासत राहिलं तर घर्षणाने हालचाल अडेल, म्हणून काच घड्याळाच्या यंत्रणेवर मागेपुढे होते आणि ठरावीक वेळाने टोकाला टेकते. रेघेऐवजी ठिपके उमटतात. वाढ मंदावली की ठिपके जवळ येतात. हे बघायला कुठलीही डिग्री लागत नाही.

दुसरा धडा भाषेचा. इंग्रजी शाळेत घालणं प्रतिष्ठेचं होतं त्या काळात वडिलांनी बोसांना आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे १९२१ मध्ये त्यांचं 'अव्यक्त' हे पुस्तक बंगालीत आलं. मी कॉन्व्हेंटची. होस्टेलच्या माळीकाकांनी एकदा विचारलं, "ताई, लाजाळूला हात लावलेला कळतो कसा?" उत्तर पाठ होतं, पण इंग्रजीत. शब्द जुळवत सांगितलं, "काका, देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी भरलेलं, म्हणून पान ताठ. हात लागला की विजेचा बारीक संदेश जातो, एका बाजूच्या पेशींतलं पाणी बाहेर पडतं आणि पान पडतं. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखं."

काका म्हणाले, "म्हणजे पाणी परत भरायला तिला कष्ट पडत असणार. आणि पोरं येता-जाता हात लावतात!"

अगदी बरोबर. त्याला शक्ती लागते, आणि मिटलेल्या पानांना ऊनही कमी मिळतं. हे मी सांगितलंच नव्हतं, काकांनी स्वतः काढलं.

तिसरा धडा : फुगवून सांगू नका. लाजाळू खरोखर लाजत नाही. झाडांत विजेचे संदेश जातात, पण त्यांना मेंदू नाही. खुद्द बोसांच्याही सगळ्या कल्पना टिकल्या नाहीत. जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे झाडात पाणी वर चढतं, असं ते म्हणत. आज मान्य असलेलं उत्तर वेगळं आहे : पानांतून पाणी उडून जातं आणि त्यामागे पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. मोजलेलं वेगळं, मानलेलं वेगळं, एवढं भान ठेवायला हवं.

आपल्या कॅम्पसची झाडं सांभाळतात काका, आणि त्यांचं विज्ञान मात्र लायब्ररीत कुलूपबंद! या सेमिस्टरला शिकलेली एक गोष्ट मेसमधल्या मावशींना किंवा वॉचमनकाकांना मराठीत सांगून बघा. त्यांनी उलट प्रश्न विचारला, तर समजा जमलं.