भास्करचा हिशेब

अंबड, जि. जालना

चि. अनिकेत,


तुमच्या कॉलेजात एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक बसतंय आणि तुझ्या वाट्याला भास्कर आलाय, हे ताईनं सांगितलं. तू पाठवलेला तालमीचा व्हिडिओ पाहिला. आवाज चांगला लागतो तुझा. पण तू भास्करला पहिल्या प्रवेशापासूनच लबाड ठरवून टाकलंयस. दागिन्यांचा विषय निघाला की लगेच डोळे बारीक करतोस. मग प्रेक्षकाला पुढं बघायला काय उरलं?

जरा त्याच्या जागी उभा राहा. वडील, तात्याजी, गेलेत. थोरलेपण अंगावर पडलंय. घरात दमडी नाही आणि तेराव्याला गावजेवण घातलं नाही तर देशपांड्यांची अब्रू जाते. मुंबईचा भाऊ हिशेबाला बसलाय. मुलगा पराग हाताबाहेर, मुलगी रंजू सिनेमाच्या नादी. अशात हा माणूस घरचे दागिने दाबतो, ते बाप म्हणूनच. त्याला वाटतं, एवढं सोनं आहे तोवर पोरांचं काहीतरी होईल. रात्री दार लावून वहिनी, म्हणजे त्याची बायको, ते अंगावर घालते, तेव्हा तू तिच्याकडे चोरासारखा पाहू नकोस. संसारात एकदा तरी आपण हिला काही देऊ शकलो, असं पाहा. पुढं रंजूच ते सगळं घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते, तो घाव त्याशिवाय बसणार नाही.

आता काम सांगतो. एक वही घे आणि भास्करचा जमाखर्च मांड. दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचं कर्ज किती धरायचं, गावजेवणाला किती लागेल, किती जमीन उरली असेल. नाटकात नाही ते तू ठरव, पण आकडा पक्का हवा. पैशाचं वाक्य आकडा माहीत नसलेल्या नटाच्या तोंडी पोकळ वाजतं.

आकड्यांमागचा बाप बघायचा तर आपल्याच जिल्ह्यात बघ. मोसंबीची बाग लावली की फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. तेवढ्या काळात बाप बोअर घेतो, सोसायटीचं कर्ज काढतो, पोराची फी आणि पोरीचं लग्न न आलेल्या बहारावर मांडून ठेवतो. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरचं पाणी विकत घालूनही बागा वाळल्या, लोकांनी त्या हातानं तोडल्या. त्यातल्या कुणालाही आपण हाव धरली असं वाटलं नव्हतं. भास्करलाही वाटत नाही.

‘शारदा’तला कांचनभट वाचलायस ना? १८९९ साली देवलांनी पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप रंगवला. प्रेक्षकाचा राग त्याच्यावर ठरलेलाच. ‘नटसम्राट’मध्ये उलटं: बेलवलकर सगळं वाटून मोकळे होतात आणि आपण त्यांच्यासाठी रडतो. भास्करच्या बाबतीत एलकुंचवारांनी ही सोय ठेवलेली नाही. रागही येतो, कीवही येते, आणि दोन्ही पुरतं जमत नाही. म्हणून मला तो त्या दोघांहून अवघड वाटतो. १९८५ साली विजयाबाई मेहतांनी हे नाटक उभं केलं. पुढं १९९४ला तुमच्याच शहरातून, ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून गेलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी त्याची अख्खी त्रिनाट्यधारा केली. तेव्हा आपल्याकडच्या पोरांना हे पेलणार नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

भाषेचंही बघा. तुमच्यात भास्करच्या धाकट्या भावाचं, चंदूचं काम करणारा मुलगा वऱ्हाडी बोलताना हशा वसूल करतोय. त्याला आवर. जालन्याहून एसटीनं देऊळगाव राजा काही लांब नाही; बाजारच्या दिवशी दोघं जा आणि चहाच्या टपरीवर नुसतं ऐकत बसा. येताना जालन्याच्या मार्केट यार्डात मोसंबीच्या सौद्याला थांबा. बोली चालू असताना व्यापाऱ्याकडे बघू नकोस, माल आणलेल्या माणसाच्या हातांकडे बघ. वही भरली की मला पाठव, मी बेरीज तपासतो.

तुझा,
मामा